खोडरबर, ब्लोअर आणि जुलै महिना

मुलुंड पश्चिमेला पाच रस्त्याजवळच्या एका गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक फळीबाहेर उभं राहतं, पाऊस आला की शेडखाली सरकतं. 2025 च्या जुलैत माझा लॅपटॉप तिथे तीन दिवस होता. पहिल्या दिवशी नुसती चौकशी करायला गेले आणि दुकान चालवणाऱ्या दादांनी आत स्टूल सरकवलं. मग तिन्ही दुपारी तिथेच गेल्या. कुठलं मशीन चांगलं, हा प्रश्न मी आयुष्यभर आकड्यांवरून सोडवत आले होते: प्रोसेसर केवढा, रॅम किती, स्कोअर काय. या टेबलावर तो प्रश्न वेगळाच दिसतो.

पहिलं आलं ते एका सीएच्या ऑफिसातलं असेंबल्ड मशीन. ऑफिसातला मुलगा कॅबिनेट मांडीवर घेऊन रिक्षाने आला होता. तक्रार एकच, ‘नो डिस्प्ले’. महिन्याची 20 तारीख तोंडावर, जीएसटीचं विवरण, जीएसटीआर-3बी, भरायची घाई. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली विंडोजवर चालतं, त्यामुळे या ऑफिसांपुढे मॅक घ्यावा की नाही हा विचार उभाच राहत नाही.

दादांनी बाजूचा पत्रा काढला, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबून रॅम बाहेर काढली आणि ड्रॉवरमधून शाळकरी पोरांचा पांढरा खोडरबर घेतला. रॅमच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवरून तो हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवला. “जोरात नाय घासायचं ताई, मुलामा जातो.” रबराच्या कडेला काळपट रेघ उमटली. धूळ आणि दमट हवा मिळून जो पातळ थर बसतो, तो हाच. तोंडाने फुंकर मारायची नाही, श्वासातही ओल असते. ब्रशने चुरा झटकला, रॅम परत बसवली, बटण दाबलं. एक ‘टुक्’ वाजला आणि स्क्रीन उजळला. दहा मिनिटांचं काम.

मशीन सुरू झालं तरी टॅली उघडेपर्यंत मुलाने दोनदा फोन घेतला. आत जुनी फिरती हार्ड डिस्क होती. दादांनी तिच्यातला सगळा माल एसएसडीवर उतरवला, आणि दुसऱ्या दिवशी तेच मशीन वीसेक सेकंदांत उभं राहिलं. प्रोसेसर तोच, चौथ्या पिढीचा आय-3. घरच्या किंवा ऑफिसच्या साध्या कामात आपण ज्याला ‘स्लो’ म्हणतो, ते बहुतेक वेळा डिस्कचं दुखणं असतं. खरी अडचण पुढची होती. विंडोज 10 ला मिळणारे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबरला थांबणार होते आणि विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे चालतं मशीन केवळ कागदावर म्हातारं ठरणार. पण असेंबल्ड असल्यामुळे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलून कॅबिनेट, एसएमपीएस, एसएसडी तेच ठेवता येत होतं. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मशीन जुळवायची सवय या शहराला लागली, तिचा मला वाटतं हा सगळ्यात मोठा फायदा.

माझ्या लॅपटॉपची पाळी दुसऱ्या दुपारी आली. खालचं झाकण निघालं, पंख्याच्या तोंडाशी राखाडी लोकरीसारखी घट्ट गादी जमली होती. हीटसिंक उचलला तर थर्मल पेस्ट खडूसारखी वाळून भुगा झालेली. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. दोन वर्षं मी ‘जुना झाला’ म्हणत होते आणि तो बिचारा गुदमरत होता. ब्लोअर, ब्रश, आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) बोळा, नवी पेस्ट. झाकण लावायच्या आधी दादांनी तापमान दाखवलं. आदल्या दिवशी त्याच कामाला नव्वदीच्या वर जाणारा आकडा आता सत्तरच्या आसपास थांबत होता. रेल्वे आणि रस्त्याची धूळ, त्यात पावसाळ्यातली ओल. खरेदीच्या दिवशीचा वेग इथे देखभालीशिवाय टिकत नाही.

मग लग्नांचे व्हिडिओ जुळवणाऱ्या एका मुलाचं एम-1 मॅकबुक एअर आलं. ऐरोलीहून बाइकवर येताना पाठीवरची बॅग भिजली होती. दादांना हे मशीन मनापासून आवडतं. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने इंटेल सोडून स्वतःची चिप आणली, तिने एवढ्या कमी विजेत एवढं काम करून दाखवलं की बाकी लॅपटॉप मागे पडले. शिवाय एअरला पंखाच नाही, त्यामुळे धूळ आत ओढली जात नाही. तास तास व्हिडिओ रेंडर केला तर तापून जरा मंदावतो, इतकंच. पण याची रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये असते, स्टोअरेजच्या चिपा बोर्डावरच झाळलेल्या असतात. बोर्ड गेला तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची सोयच नाही. हल्ली विंडोजच्याही कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम अशीच पक्की असते.

चार्जर आणि मशीन यांच्यामध्ये दादांनी एक छोटा मीटर लावला. आकडा 5 व्होल्टवर अडकून बसला होता. निरोगी मशीन 20 मागून घेतं. मायक्रोस्कोपखाली एका कनेक्टरच्या पायांवर फिकट हिरवी बुरशीसारखी पुटं दिसली. तांब्याला चढलेला गंज. मुलगा एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, “दादा, मशीन राहू दे, ठाण्याचं लग्न त्याच्यात आहे.” बॅकअप नव्हता.

माझ्या मते मुंबईत मशीन निवडताना वेगाच्या आधी विचारावं, हे उघडता येतं का, आणि यातला माल बाहेर कसा येईल? वेगात आज मॅक, इंटेल, एएमडी यांतलं काहीही घरच्या कामाला पुरून उरतं. ज्याला मॅक हवा त्याने तो जरूर घ्यावा, मात्र बाहेरची डिस्क त्याच दिवशी घ्यावी.

तिसऱ्या दुपारी दादांनी बोर्ड आयपीएने धुतला, कनेक्टर हॉट एअरने उतरवून नवा बसवला आणि कापसाच्या टोकाने पुन्हा पुसला. मुलगा शेडखाली उभा होता, छत्री मिटायची विसरला होता. मीटर लावला. 5. पाचवरच. दादा काही बोलले नाहीत, चार्जर काढून अर्धं मिनिट थांबले, पुन्हा लावला. आकडा हलला आणि 20 वर गेला. स्क्रीन लागायची वाटही न पाहता त्यांनी मुलाला समोरच्या दुकानातून बाहेरची डिस्क आणायला पिटाळलं.