महास्थानगड : पुंड्रनगराचा विटांचा कोट

बांगलादेशातील बोगुरा शहराच्या उत्तरेला, करतोया नदीकाठी महास्थानगड आहे. प्राचीन पुंड्रनगर ते हेच. सुमारे दीड किलोमीटर लांब आणि त्याहून थोडा कमी रुंद असा हा आयताकृती कोट. गाळाच्या या मुलखात दगड दुर्मीळ, म्हणून बांधकाम मुख्यतः भाजक्या विटांचे. पूर्वेला नदी, इतर बाजूंना खंदक.

१८७९ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी चिनी प्रवासी ह्युएनत्संगाच्या प्रवासवर्णनावरून ही जागा ओळखली. पण खरा ठेवा १९३१ मध्ये हाती लागला : चुनखडीच्या छोट्याशा तुकड्यावरचा ब्राह्मी लेख, साधारण इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. अडचणीत सापडलेल्या लोकांना कोठारातले धान द्यावे आणि सुबत्ता आली की कोठार व खजिना पुन्हा भरावा, असा आदेश त्यात आहे. राजांच्या विजयगाथांपेक्षा असा कारभाराचा कागद कितीतरी मोलाचा!

मौर्य, गुप्त, पाल अशा राजवटींत हे नगर नांदते राहिले. आज आत बैरागीर भिटा (भिटा म्हणजे टेकाड), परशुरामाचा वाडा आणि जियत कुंड ही विहीर, तर तटाबाहेर गोविंद भिटा येथील मंदिरांचे चौथरे दिसतात. १९९३ पासून बांगलादेशी आणि फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी पूर्वेकडील तटाजवळ संयुक्त उत्खनन केले.