शेवटचा हात : मॉडेलवरील मॅट वार्निशविषयी



ऑगस्टमधील प्रदर्शनात ठेवलेले मिराज-२००० विमानाचे मॉडेल आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यावर बुरशीसारखा पांढरट थर कसला, असे बऱ्याच पालकांनी विचारले होते. त्याचा खुलासा करणे आमच्याकडे राहून गेले होते.

ती बुरशी नव्हती आणि चूक त्या मुलाचीही नव्हती. नववीतल्या या विद्यार्थ्याने चार महिने खपून ते विमान जोडले, रंगवले, त्यावर हवाई दलाची गोल चिन्हे लावली. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाहेर झड लागली होती. "सर, आज हवा ओली आहे, वार्निश नको," असे तो म्हणाला. "उद्या पाहुणे यायचे आहेत, शेवटचा हात आजच मारून टाक," असे आम्हीच त्याला सांगितले. अर्ध्या तासात करडे विमान पिठात बुडवून काढल्यासारखे झाले. मुलगा एक शब्द बोलला नाही, तेच आम्हाला जास्त लागले.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, तेही वाणिज्य शाखेचे. वार्निश म्हणजे खुर्च्यांना लावतात ते, एवढीच आमची समज होती. त्यानंतर कलाशिक्षकांकडून आणि त्या मुलाकडूनच आम्ही जे शिकलो, ते येथे देत आहोत.

मुळात मॉडेलची चमक घालवायची कशासाठी? मिराज विमाने १९८५ पासून आपल्या महाराजपुऱ्याच्या तळावर आहेत, त्यामुळे ती डोक्यावरून जाताना ग्वाल्हेरच्या मुलांना नवीन नाहीत. खरे विमान १४ मीटरहून थोडे अधिक लांब आहे. १:७२ प्रमाणातले मॉडेल साधारण २० सेंटिमीटर भरते. ते एक फुटावरून पाहणे म्हणजे खरे विमान ७२ फुटांवरून पाहणे. इतक्या अंतरावर कोणत्याही पृष्ठभागाची चमक मंद दिसते. मॉडेल मात्र आपण ट्यूबलाइटखाली हातात धरतो आणि पंखावर ट्यूबलाइटचीच पट्टी चकाकते. तेवढ्याने चार महिन्यांचे काम खेळण्यासारखे दिसू लागते.

गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परततो, खडबडीत पृष्ठभागावरून चहूकडे पसरतो. आमच्या हिंदी पुस्तकात याला 'विसरित परावर्तन' म्हणत. मॅट वार्निशमध्ये सिलिकासारख्या पदार्थाची अतिशय बारीक पूड असते. वार्निश वाळले की ही पूड पृष्ठभाग किंचित खरबरीत करते. हाताला ते जाणवत नाही, पण प्रकाशाला जाणवते. ही पूड बाटलीच्या तळाशी बसते. न ढवळता वरवरचे वार्निश लावले तर चमक जात नाही, आणि तळाचा गाळ लावला तर पांढरे डाग पडतात. म्हणून बाटली नीट ढवळावी आणि स्प्रेचा डबा किमान दोन मिनिटे हलवावा. हा कंटाळा बहुतेक मुले करतात.

आता निवड. बाजारात मुख्यतः तीन जाती मिळतात. पाण्यावर आधारलेले ॲक्रिलिक वार्निश ब्रशनेही लावता येते, त्याला वास कमी आणि ब्रश पाण्याने धुता येतो. आठवीपर्यंतच्या मुलांनी हेच वापरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुसरे इनॅमल. त्याला टर्पेंटाइन लागते, वाळायला दिवसभर घेते आणि वर्षानुवर्षांनी पिवळे पडू शकते. तिसरे लॅकर, म्हणजे बहुतेक स्प्रेचे डबे. तामिया कंपनीचा टीएस-८० हा त्यातलाच. याचा थर सर्वांत नितळ बसतो, पण यातला द्राव तेज असतो. तो कच्च्या इनॅमल रंगाला सुरकुत्या पाडतो. हार्डवेअरच्या दुकानातील लाकडाच्या लॅकरचे थिनर तर प्लॅस्टिकच विरघळवते. थर्मोकोलच्या मॉडेलवर असा स्प्रे कधीही मारू नये. डोळ्यांदेखत खड्डे पडतात. दरवर्षी एखादा तरी डोंगर आपल्याकडे असा बसतो.

सगळेच मॅट करावे असेही नाही. शाडूच्या गणपतीचे अंग मंद असते, पण डोळे पाणीदार असतात, म्हणूनच मूर्ती बघते असे वाटते. विमानाची काच, दिवे हे त्याचे डोळे. काचेवर आधी टेप लावून झाकावी, नाहीतर वैमानिक कायमचा धुक्यात. सहावीच्या मुलांनी किल्ल्याचे मॉडेल केले, त्यात भिंतींबरोबर मानमंदिराच्या निळ्या टाइल्सही मॅट केल्या. राजा मानसिंह तोमरच्या या महालाची ओळखच त्या झिलईदार टाइल्स! दगड मंद हवा, टाइल चकचकीत हवी. आम्ही त्यांना बारीक ब्रशने टाइल्सवर ग्लॉस वार्निश लावायला सांगितले आणि पाच मिनिटांत महाल ओळखू येऊ लागला.

लावण्याच्या क्रमात एक गोष्ट उलटी वाटते. पाण्यात भिजवून लावायची चिन्हे, ज्यांना डिकाल म्हणतात, ती मॅट रंगावर लावली तर खालच्या खरबरीत भागात हवा अडकते आणि चिन्हाभोवती चंदेरी कड दिसते. म्हणून आधी ग्लॉस वार्निश, त्यावर डिकाल, ते पूर्ण वाळले की पुन्हा हलका ग्लॉस आणि सर्वांत शेवटी मॅट. स्प्रे वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून मारावा. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा, म्हणजे थेंब पडत नाहीत. एक जाड हात मारण्यापेक्षा मध्ये पंधरा-वीस मिनिटे सोडून दोन-तीन पातळ हात मारावेत. आणि त्याआधी किटमधल्या उरलेल्या तुकड्यावर तोच रंग, तेच वार्निश लावून पाहावे.

आता त्या पांढऱ्या थराविषयी. लॅकरमधला द्राव भराभर उडतो आणि उडताना उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. पृष्ठभाग गार पडला की ओल्या हवेतले बाष्प त्यावर जमते, अजून न वाळलेल्या थरात अडकते आणि थर दुधाळ होतो. म्हणजे जुलै ते सप्टेंबर आपल्याकडे स्प्रे नकोच. जानेवारीच्या धुक्याच्या सकाळीही नको. मे-जूनमध्ये हवा कोरडी असते, पण लू बरोबर धूळ आणते आणि ती ओल्या वार्निशवर चिकटून बसते. दिवाळीच्या सुमारास किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये, दुपारी अकरा ते तीन, ही ग्वाल्हेरमधली उत्तम वेळ. यापुढे प्रदर्शनाची तारीख ठरवताना आम्ही हे लक्षात ठेवू.

पालकांना एक विनंती. स्प्रे मोकळ्या हवेत, मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच मारू द्यावा. बंद खोलीत, गॅसजवळ किंवा देवघरात समई तेवत असताना मुळीच नको. साधा कापडी मास्क द्रावाची वाफ अडवत नाही; त्यासाठी कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. विश्वस्त मंडळींकडे आमची मागणी लहानच आहे. कलावर्गाच्या मागच्या व्हरांड्यात एक एक्झॉस्ट पंखा आणि हवेतील आर्द्रता दाखवणारे एक यंत्र मिळावे. म्हणजे "आज हवा ओली आहे" असे मुलाने म्हटले, तर आमच्यासारख्याला काट्याकडे बोट दाखवता येईल.

मिराजचे पुढे काय झाले, हेही सांगतो. ऑक्टोबरमध्ये चार दिवस ऊन पडल्यावर त्या मुलाने त्यावर ग्लॉस लॅकरचा पातळ हात मारला. द्रावाने तो दुधाळ थर मऊ केला, अडकलेली ओल निघाली आणि करडा रंग पुन्हा वर आला. दोन दिवसांनी त्याने मॅटचे दोन हलके हात दिले. शेपटीच्या बुडाशी नखाएवढा पांढरा डाग राहिला आहे. पुन्हा प्रयत्न करू का, असे त्याने विचारले. या वेळी आम्ही त्याच्यावरच सोडले. त्याने डाग तसाच ठेवला आहे. मॉडेल कार्यालयासमोरच्या काचेच्या कपाटात आहे, येता-जाता जरूर पाहावे.