सिलिकॉनचे स्तनरोपण : वैद्याने विचारावयाचा एक प्रश्न

घोडपदेवपासून परळचे टाटा स्मारक रुग्णालय फारसे दूर नाही. स्तनकर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया पुढे थकवा, सांधेदुखी, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन या परिसरातील वैद्यांकडे येतात. त्यांपैकी एखादीच्या छातीत सिलिकॉनचे रोपण असू शकते. संकोचाने ती सांगत नाही, संकोचानेच वैद्य विचारीत नाही. हे मौन घातक ठरू शकते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ वा अध्याय शरीरात दडलेल्या शल्याच्या ज्ञानासाठी आहे. रोपण हितबुद्धीने केलेले असले तरी शरीर त्यास परकेच मानते व त्याभोवती तंतुमय कोश निर्माण करते. हा कोश आकसल्यास स्तन कठीण व वेदनायुक्त होतो.

असे पहिले रोपण १९६२ साली ह्यूस्टन येथे झाले. सुरक्षिततेच्या शंकांमुळे अमेरिकेने १९९२ मध्ये त्याच्या वापरावर कडक निर्बंध घातले. १९९९ च्या तज्ज्ञसमितीस संधिवातादी व्याधींशी कार्यकारणसंबंधाचा पुरावा आढळला नाही. २००६ मध्ये रोपणास पुन्हा मान्यता मिळाली. तथापि २०१० मध्ये ‘पीआयपी’ या फ्रेंच कंपनीने औद्योगिक प्रतीचे सिलिकॉन वापरल्याचे उघड झाले. खरखरीत पृष्ठभागाच्या रोपणांशी रोगप्रतिकारक पेशींच्या एका विरळ कर्करोगाचा संबंध दिसून आल्याने २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली अशी रोपणे जगभरातून परत घेतली. हा कर्करोग बहुधा काही वर्षांनी, रोपणाभोवती द्रव साचून प्रकट होतो.

थकवा, विस्मृती, अंगदुखी या तक्रारींचे मूळ रोपणात आहे काय, हे अद्याप निर्विवाद ठरलेले नाही. काढून टाकल्यावर काहींना आराम पडतो. म्हणून रुग्णेस भयभीत करू नये, तिची तक्रार मनाचा खेळ म्हणून धुडकावूही नये.

वैद्याने इतके अवश्य करावे : प्रश्नपरीक्षेत रोपणाविषयी, त्याच्या वर्षाविषयी व प्रकाराविषयी विचारावे. एका बाजूस नवी सूज, गाठ किंवा आकारात बदल दिसल्यास लेप, स्वेदन वा मर्दन न करता रुग्णेस तत्काळ शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. लेखन द्रव्यांनी कोश विरघळतो, असे आश्वासन कदापि देऊ नये. रोपण आजन्म टिकणारे नसते. सोनोग्राफी वा एमआरआयने नियमित तपासणीची आठवण द्यावी.

शल्य ओळखणे हे वैद्याचे जुनेच कर्तव्य आहे. आज त्याचा आरंभ एका सौजन्यपूर्ण प्रश्नाने होतो.