सशाची भूल: समज आणि वस्तुस्थिती

‘उद्या ऑपरेशन आहे, रात्रीपासून पोटात काही नको.’ हा नियम माणसांचा आणि कुत्र्या-मांजरांचा; सशाला तो लावला तर घात होतो. उपाशी ठेवतात ते उलटीच्या भीतीने, आणि सशाला उलटी करताच येत नाही. त्याच्या जिवावर उठतं ते आतड्यांचं थंडावणं, आणि उपाशी ठेवल्याने नेमकं तेच होतं. म्हणून गवत दवाखान्यात पोचेपर्यंत समोर असू द्यावं. तोंडात घास उरू नये एवढ्यासाठी शेवटचा थोडा वेळ खाणं काढून घेतात, बस.

‘ससा भुलीतून उठतच नाही,’ हेही सर्रास ऐकू येतं. धोका आहे, नाही असं नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत (2008) भुलीशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत 0.17 टक्के, तर सशांत 1.39 टक्के निघालं. पण आकडा फोडून पाहिला तर धडधाकट सशांत ते 0.73 आणि आजाऱ्यांत 7.37 टक्के होतं. शिवाय निम्म्याहून अधिक ससे दगावले ते ऑपरेशन आटोपल्यावर. म्हणून दोष एकट्या औषधावर ढकलून चालत नाही.

‘मास्क लावला की झालं,’ हा समज मात्र काही दवाखान्यांतही टिकून आहे. नुसत्या आयसोफ्लुरेनचा, म्हणजे मास्कमधून देतात त्या भुलीच्या वायूचा, वास आला की ससा श्वासच रोखून धरतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. त्यामुळे आधी गुंगीचं इंजेक्शन हवं. श्वासनलिकेत नळी घालणं तर कसबाचं काम. तोंड अरुंद, जीभ जाड, स्वरयंत्र पार आत. दिसत काहीच नाही. डॉक्टर सशाची मान वर ताणतात, दोन-तीन मिलिमीटरची नळी सरकवत तिच्या टोकाशी कान लावतात. श्वासाचा आवाज वाढत गेला तर वाट बरोबर. अचानक थांबला तर नळी बहुधा अन्ननलिकेत. पुन्हापुन्हा खुपसलं की स्वरयंत्र सुजतं, म्हणून वेळीच थांबणंही कसबच. आता स्वरयंत्रावर बसणारं, खास सशांसाठीचं ‘व्ही-जेल’ नावाचं साधनही मिळतं.

आणि उताणा केल्यावर निपचित पडणारा ससा झोपलेला नसतो, भ्यालेला असतो. त्याला वेदना कळतात.

ऑपरेशननंतर घरी आणलेला ससा खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री डॉक्टरांना फोन करा.