तिथीची पाऊणपट

पहाटेचे पावणेसहा. दादर-धारावी नाल्याच्या कठड्याशी उभा आहे. पाणी पार खाली गेलंय. दोन्ही भिंतींवर छातीभर उंचीवर एक ओली काळी रेघ आहे, रात्रीची भरती तिथवर होती. नाल्याच्या पोटात एक पोकलेन घरघरतंय आणि दुसरं काठावर, लांब हात पसरून. आतलं गाळ लोटून भिंतीशी आणतं, काठावरचं तो उचलतं.

बकेट गाळात रुततं तसे बुडबुडे फुटतात आणि सडक्या अंड्यांचा वास अंगावर येतो. मी नाकाला रुमाल लावतो. शेजारचा मुकादम चहा पितोय, बिस्किट बुडवून.

बकेट वर येतं. त्यात नारळाच्या करवंट्या, थर्माकोल, चामड्याच्या कातरणी, एक अख्खी गादी. ती दातांना लटकून राहते, ऑपरेटर बकेट दोनदा झटकतो, तरी सुटत नाही. शेवटी एक पोरगा काठीने ढोसून ती पाडतो. प्लास्टिकच्या थराखाली खरा गाळ, डांबरासारखा, चकाकणारा. तो लगेच डंपरमध्ये घालत नाहीत. काठावर ढीग करून निथळू देतात. निथळलेला कालचा-परवाचा ढीग आता डंपरमध्ये चढतोय. पालिकेचे तरुण अभियंते मोबाइल धरून रिकामा डंपर टिपतात, मग भरलेला. पुढे वजनकाटा. पैसे वजनावर मिळतात, म्हणून चित्रणाची एवढी दक्षता. चिखलाचा हिशेब इतका चोख ठेवणारं दुसरं शहर नसेल.

“३१ मेच्या आत संपवायचंय,” अभियंते म्हणतात. “पण दिवसाचे तास आमच्या हातात नाहीत.”

ते कोणाच्या हातात आहेत, हे कठड्यावर बसलेले आजोबा सांगतात. धारावी कोळीवाड्यातले. खाडीत जाळं टाकून किती वर्षं झाली, ते विचारल्यावर नुसतेच हसतात.

“आज तिथी कुठली?”

मी मोबाइल काढायला लागतो.

“द्वितीया,” तेच म्हणतात. “दोनाची पाऊणपट किती?”

“दीड.”

“मंग दीडला भरती. सव्वासातला सुकती. ह्या पोरांनी नऊच्या आत मशीन वर घ्यायला पायजे.”

मुकादमाच्या खिशात भरती-ओहोटीचं छापील कोष्टक आहे. तो काढून बघतो, मान डोलावतो आणि पुन्हा घडी करून ठेवतो.

मुंबईच्या पुराची अर्धी गोष्ट या पाऊणपटीत आहे. शहराचं पावसाचं पाणी समुद्रात आणि खाड्यांत सोडणारी मुखं १८६. त्यांतली भरतीच्या पातळीच्या वर फक्त ६. जुनी गटारं बांधली ती ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी धरून. पुढे ब्रिमस्टोवॅड योजनेत ते माप ५० वर नेलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्या दुपारी भरतीही होती. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथे आता पाणी पंपांनी उपसून समुद्रात टाकतात. तशी सोय प्रत्येक नाल्याच्या नशिबी नाही. गाळ काढला की नाल्याचं पोट मोठं होतं, पाणी साठायला जागा होते. उतार मात्र मिळत नाही. नालेसफाईवर दरवर्षी भांडणारे आपण सगळे गाळाचे टन मोजतो. पोटाला उतार समजतो.

पावणेनऊ. ऑपरेटर आतल्या मशीनवरून पाण्याकडे बघतोय. झारखंडचा आहे, समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो या नाल्यातून, असं मुकादम सांगतो. थट्टा असावी. पाणी थबकलंय. तरंगणारी एक बाटली मघापासून खाडीकडे चालली होती, ती आता जागच्या जागी गिरकी घेते.

“निकाल, निकाल!” मुकादम ओरडतो.

पोकलेन उताराच्या भरावाकडे वळतं. पट्टे एकदा घसरतात. इंजिन गुरगुरतं, काळा धूर ओकतं. काठावरचे सगळे गप्प. दुसऱ्या खेपेला पट्टे धरतात आणि ते धूड चिखल गाळत वर येतं. पोरं शिट्ट्या मारतात. मुकादम मात्र नाल्याच्या सकाळी साफ केलेल्या भागाकडे बघत उभा आहे.

बाटली परत येते आहे, खाडीकडून शहराकडे. तिच्यामागे थर्माकोलचे तुकडे, एक चप्पल, निर्माल्याची पिशवी. समोरच्या माडीवरून तेवढ्यात कोणीतरी भाजीची देठं खाली टाकतं, पण ती दोन मुठीच असतील. हे बाकीचं खालून येतंय. सकाळी उघडा पडलेला तळ वीस मिनिटांत दिसेनासा होतो. भिंतीवरच्या काळ्या रेघेकडे पाणी चढू लागतं.

आजोबा उठतात, लुंगी झटकतात.

मुकादम पोरांना उद्याची वेळ सांगतो, साडेसहा. उद्या तृतीया, भरती सव्वादोनला.