पायातला धातूही थकतो

मे महिना संपत आला की मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढायची लगबग सुरू होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. याच धांदलीत एखाद्याचा पाय घसरतो, नडगीचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होऊन प्लेट बसते. दोन महिन्यांत दुखणे ओसरते आणि १ ऑगस्ट तोंडावर येतो. मग घरात एकच प्रश्न असतो : ‘दुखणां नाय, मगे चलाक काय हरकत?’

हरकत अशी, की हाड जुळेपर्यंत बराचसा भार प्लेट पेलत असते आणि धातूलाही थकवा येतो.

पक्कड नसली तर आपण तार पुन:पुन्हा वाकवून तोडतो. एका झटक्यात न तुटणारी तार अशी सहज तुटते. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ आगगाडीच्या इंजिनाचा आस असाच तुटून मोठा अपघात झाला. पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी आसांवर पुन:पुन्हा भार देऊन दाखवले, की एकदा सहज पेलणारा भारही लाखो वेळा पडला तर धातू तोडू शकतो. आधी केसाएवढी चीर पडते, ती हळूहळू वाढते आणि एके दिवशी तुकडा पडतो.

आता हिशेब करा. दिवसाला पाच हजार पावले म्हणजे एका पायावर अडीच हजार वेळा भार. तीन महिन्यांत हा आकडा सव्वादोन लाखांवर जातो. त्यात रापण ओढताना वाळूत पाय रोवायचा म्हणजे भार आणखी वाढला. शिवाय शरीरातले पाणीही खारट असते. खारे पाणी धातूला काय करते, हे मालवणात कुणाला सांगायला नको. पोलाद आणि टायटॅनियमच्या प्लेट गंजाला बऱ्याच पुरून उरतात, पण थकवा त्यांनाही चुकत नाही.

मॅग्नेशियमची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. हा धातू पोलादाच्या चौथ्या हिश्शापेक्षाही हलका, ताठपणात हाडाच्या जवळचा आणि शरीरात हळूहळू विरघळणारा. म्हणजे प्लेट काढायला दुसरी शस्त्रक्रिया नको! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियमचे सर्जन आल्बँ लाम्बोत यांनी एका मुलाच्या पायात मॅग्नेशियमची प्लेट पोलादी खिळ्यांनी बसवली. आठ दिवसांतच ती विरघळली आणि कातडीखाली वायू साठला. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की एक झिजतो. होडीच्या पंख्याजवळचा जस्ताचा तुकडा याच कारणाने झिजतो आणि पंखा वाचवतो.

मॅग्नेशियमची दुसरी अडचण थकव्याची. वितळलेला धातू साच्यात ओतला की आत बारीक पोकळ्या राहतात. चीर बहुधा पृष्ठभागाजवळच्या अशाच पोकळीतून सुरू होते. खाऱ्या द्रवात पृष्ठभागावर नवे खड्डे पडतात, तिथूनही चिरा निघतात. म्हणून शरीरासाठी ओतीवापेक्षा दाबून घडवलेले मॅग्नेशियम पसंत केले जाते. २०१३ साली युरोपात अशा स्क्रूला मान्यता मिळाली, पण त्यांचा वापर मुख्यतः लहान हाडांसाठी होतो. मांडी-नडगीचा भार अजून पोलाद आणि टायटॅनियमच वाहतात.

थोडक्यात, ही एक शर्यत आहे : हाड आधी जुळते की धातू आधी थकतो? नडगी जुळायला चार ते सहा महिनेही लागू शकतात. तंबाखू, विडी आणि अनियंत्रित मधुमेह हाडाला मागे खेचतात. पाय अजिबात न हलवणेही चुकीचे, कारण बेताचा भार हाडाला हवाच असतो. तो किती आणि कधी, हे मोडीचा प्रकार आणि एक्स-रे पाहून ठरते. आत रॉड असेल तर डॉक्टर लवकर पाय टेकवायला सांगतात, प्लेट असेल तर अनेकदा थांबवतात. म्हणून शेजाऱ्याच्या पायावरून आपला हिशेब करू नये.

बरे झालेले दुखणे पुन्हा सुरू झाले, पाय वाकडा दिसू लागला किंवा ‘कट्’ असा आवाज आला, तर पाय न टेकता लगेच रुग्णालय गाठावे. तुटलेली प्लेट म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया आणि बहुधा आणखी काही महिने घरी. हंगामाचा पहिला महिना चुकला तर नुकसान होते खरे, पण घाईत सगळा हंगामच हातचा जाऊ शकतो.