नाव सेनेकांचं, पाणी कुणाचं?

टोरांटोला शिकायला मुलगा-मुलगी पाठवलेल्या मराठी घरांत ‘सेनेका’ हे नाव आता ओळखीचं झालंय. १९६७ साली सुरू झालेलं सेनेका कॉलेज (२०२३पासून त्याचं नाव सेनेका पॉलिटेक्निक) हे तिथलं मोठं शिक्षणकेंद्र. ‘आमचा बंटी सेनेकाला आहे,’ असं आई कौतुकाने शेजारणीला सांगते. पण सेनेका म्हणजे काय हो, असं विचारलंत तर बंटीच्या वडिलांना फार तर रोमचा तत्त्वज्ञ आठवेल.

त्या तत्त्वज्ञाचा इथे काहीएक संबंध नाही. सेनेका ही माणसं आहेत. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एक जमात. आजच्या टोरांटो शहरातून वाहणाऱ्या हंबर नदीच्या काठी सतराव्या शतकात त्यांचं टेयायागॉन नावाचं गाव होतं. मात्र त्यांचा खरा मुलूख ऑन्टारिओ सरोवराच्या दक्षिणेला, आजच्या न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिम भागात.

मोहॉक, ओनायडा, ऑनॉन्डागा, कायुगा आणि सेनेका या पाच जमातींचा एक संघ होता. पुढे टस्करोरा आले आणि सहा झाले. फ्रेंच त्यांना इरोक्वॉय म्हणत. ते स्वतःला हॉडिनोशोनी म्हणतात, म्हणजे लांबलचक घर बांधणारे. या घराच्या पश्चिम दरवाजाचे राखणदार ते सेनेका.

गंमत म्हणजे ‘सेनेका’ हे नावसुद्धा त्यांचं नाही. ते स्वतःला म्हणतात ओनोन्दोवागा, मोठ्या टेकडीची माणसं. डच व्यापाऱ्यांनी शेजारच्या दुसऱ्याच जमातींच्या तोंडून एक शब्द ऐकला. तोही मुळात ओनायडांच्या दगडाळ गावासाठी वापरला जाणारा. तो डचांनी पश्चिमेकडच्या सगळ्यांनाच चिकटवला. पुढे इंग्रजांनी त्याचं स्पेलिंग करताना शाळेत घोकलेला रोमन पंडित डोळ्यांपुढे ठेवला आणि झाले सेनेका!

नकाशा उघडला की हे नाव जागोजागी भेटतं. न्यू यॉर्कमध्ये सेनेका सरोवर, सेनेका नदी, सेनेका फॉल्स हे गाव आणि बफेलो शहराला लागून वेस्ट सेनेका. वेस्ट व्हर्जिनियात सेनेका रॉक्स हे उभे सुळके. मेरीलँडमध्ये सेनेका क्रीक. तिथल्या खाणीच्या लाल दगडातून वॉशिंग्टनची प्रसिद्ध स्मिथसोनियन इमारत उभी राहिली. ओहायोत सेनेका कौंटी. तिथल्या सेनेकांना १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला मिसिसिपीपलीकडे हाकललं गेलं. त्यांचे वंशज आज ओक्लाहोमात आहेत. दक्षिण कॅरोलिनात तर सेनेका नावाचं गाव आहे आणि नदीही आहे; पण ते नाव आलं चेरोकी जमातीच्या इसुनिगू या गावावरून. म्हणजे तिथे नावही यांचं नाही!

या सगळ्यांत मानाचं स्थान सरोवराचं. न्यू यॉर्क राज्यात हाताच्या बोटांसारखी पसरलेली अकरा सरोवरं आहेत, फिंगर लेक्स. त्यातलं सेनेका सर्वात खोल, १८८ मीटर. लांबी ६१ किलोमीटर. अधूनमधून शांत हवेत इथे तोफेसारखे दणके ऐकू येतात. लोक त्यांना ‘सेनेका गन्स’ म्हणतात. तळातून सुटणाऱ्या वायूमुळे हे होत असावं असा शास्त्रज्ञांचा एक अंदाज आहे.

याच सरोवराच्या काठावर खऱ्याखुऱ्या तोफा घेऊन जॉर्ज वॉशिंग्टनचं सैन्य आलं ते १७७९ साली. स्वातंत्र्ययुद्धात बहुतेक सेनेका इंग्रजांच्या बाजूने लढले होते. जनरल सलिव्हनला हुकूम होता वस्त्या उद्‌ध्वस्त करण्याचा. त्या मोहिमेत इरोक्वॉयांची चाळीसच्या वर गावं जाळली गेली. मक्याची उभी शेतं कापली, पीचच्या बागा तोडल्या. सरोवराच्या उत्तर टोकाजवळचं कनाडेसागा हे सेनेकांचं मोठं गावही गेलं. माणसं नायगाराच्या इंग्रजी किल्ल्याकडे पळाली. त्या वर्षीची थंडी भयंकर होती. उपाशी, उघडी किती माणसं मेली त्याची धड मोजदादही नाही. वॉशिंग्टनला सेनेका ‘गावं उद्‌ध्वस्त करणारा’ म्हणत.

रिकामी झालेली जमीन मग सैनिकांना बक्षीस म्हणून वाटली गेली. नव्या गावांना नावं दिली ओव्हिड, रोम्युलस, हेक्टर, अशी ग्रीस-रोमच्या पुस्तकांतली. त्यांच्या शेजारी सेनेका हे नाव इतकं शोभून दिसतं की परका माणूस फसणारच.

आता सेनेका फॉल्स. सेनेका नदीवरच्या धबधब्यांवरून हे नाव पडलं. पण तिथे गेलात तर धबधबा शोधू नका. १९१५ साली कालव्यासाठी पाणी अडवलं, तळं झालं आणि धबधबे त्याखाली गेले. नाव मात्र जगभर गेलं ते १८४८ सालच्या सभेमुळे. १९ आणि २० जुलैला एलिझाबेथ केडी स्टँटन, ल्युक्रेशिया मॉट आणि त्यांच्या मैत्रिणींनी स्त्रियांच्या हक्कांसाठी सभा घेतली. जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. मतदानाचा हक्क हवा ही मागणी तेव्हा सभेतल्या काहींनाही जरा अतीच वाटली होती.

या कथेतला एक धागा सहसा सांगितला जात नाही. त्याच उन्हाळ्यात, सभेच्या आधी, ल्युक्रेशिया मॉट सेनेकांच्या कॅटरॉगस वस्तीवर राहून आल्या होत्या. तिथे त्यांनी काय पाहिलं असेल? सेनेकांमध्ये मूल आईच्या कुळाचं. शेत बायकांचं, घरही बायकांचं. सरदार कोण व्हावा हे कुळातली वडीलधारी बाई ठरवी आणि तो बिघडला तर त्याला उतरवण्याचा हक्कही तिचाच. इकडे न्यू यॉर्कच्या गोऱ्या विवाहित बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायची मुभा देणारा कायदा नुकताच, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये झाला होता!

आणि नशिबाचा फेरा पहा. त्याच १८४८ सालच्या डिसेंबरात सेनेकांनी आपली नवी राज्यघटना केली. दहा वर्षांपूर्वी काही सरदारांना लाच देऊन आणि धमकावून बफेलो क्रीकच्या जमिनीवर सह्या घेतल्या गेल्या होत्या. त्याचा राग होताच. तेव्हा सरदारकीच रद्द करून त्यांनी निवडून आलेलं मंडळ आणलं, अमेरिकन धर्तीचं. टोनावांडाच्या सेनेकांना हे पटलं नाही. ते वेगळे झाले. पण अमेरिकन धर्तीचं म्हणजे मत कुणाला? फक्त पुरुषांना. सेनेका नेशनमध्ये बायकांना मत मिळायला १९६४ साल उजाडावं लागलं.

१९६४. हे साल सेनेका आणखी एका कारणाने विसरत नाहीत.

त्यासाठी अ‍ॅलेगेनी नदीकडे जायला हवं. सेनेका तिला ओहियो म्हणतात, सुंदर नदी. आपण जिला ओहायो म्हणतो ती पिट्सबर्गला सुरू होते असं भूगोलाचं पुस्तक सांगतं. सेनेकांच्या लेखी वरची अ‍ॅलेगेनी आणि खालची ओहायो ही एकच नदी. एका अख्ख्या राज्याला आपण त्यांच्या शब्दाने हाक मारतो, पण तिथे सेनेकांची आठवण कुणाला होत नाही. परक्याने दिलेलं नाव सगळीकडे त्यांचं म्हणून मिरवतं आणि त्यांचा स्वतःचा शब्द असा बेवारस!

या नदीकाठची जमीन सेनेकांची राहील, अमेरिका तिच्यावर कधीही हक्क सांगणार नाही, असा करार ११ नोव्हेंबर १७९४ रोजी कॅनन्डेग्वा इथे झाला होता. करारावर सही होती वॉशिंग्टनचीच. जमातीचा नेता कॉर्नप्लांटर याला पेनसिल्व्हेनिया राज्याने नदीकाठी स्वतंत्र जमीनही दिली होती. १८३६ साली तो तिथेच वारला.

मग पिट्सबर्गचे पूर आडवे आले. खाली शहर वाचवायचं तर वर पाणी अडवायला हवं, म्हणून सैन्याच्या अभियंत्यांनी किन्झुआ इथे धरण आखलं. सेनेका कोर्टात गेले. कोर्टाचं म्हणणं पडलं, संसदेच्या मनात असेल तर ती करार मोडू शकते. सेनेकांनी मग आर्थर मॉर्गन यांना गाठलं. मॉर्गन म्हणजे टेनेसी खोऱ्याच्या जगप्रसिद्ध प्रकल्पाचे पहिले अध्यक्ष, धरणांतला जाणता माणूस. त्यांनी पाणी दुसरीकडे वळवण्याची वेगळी योजना काढून दाखवली. ती मान्य झाली नाही. राष्ट्राध्यक्ष केनेडींना साकडं घातलं. ऑगस्ट १९६१मध्ये उत्तर आलं, काम थांबवणं शक्य नाही.

पुढे काय झालं ते कोयना, उजनी किंवा सरदार सरोवराच्या काठच्या माणसाला सांगायला नको. सुमारे दहा हजार एकर जमीन पाण्याखाली जाणार होती, जवळपास सहाशे माणसं उठली. सोडलेली घरं पेटवून दिली गेली, म्हाताऱ्यांनी ती जळताना पाहिली. लाँगहाऊस, म्हणजे त्यांचं पूजेचं आणि सभेचं घर, हलवावं लागलं. आणि १९६४ साली पुरलेली माणसंही हलवली. कॉर्नप्लांटरचं थडगं खणून वर नेलं. त्याच वर्षी दीड कोटी डॉलरची भरपाई मंजूर झाली. धरण १९६५मध्ये पुरं झालं. नव्या वसाहतींत पक्की घरं आली, वीज आली, नळ आले. हे खरंच आहे आणि खोटं म्हणून नाकारण्यात अर्थ नाही. पण नदीकाठची शिकार, मासेमारी, औषधी वनस्पतींच्या जागा गेल्या, त्यांना भाव कोण लावणार? दर सप्टेंबरात ते लोक या विस्थापनाची आठवण म्हणून एकत्र पायी चालतात.

सेनेका नुसते सोसत बसले असं मात्र नाही. याच नदीवर सॅलामांका नावाचं शहर आहे. रेल्वे आली तसं ते सेनेकांच्या जमिनीवर भाड्याने वसलं. १८९२पासून ९९ वर्षांचा करार. भाडं किती? काही घरांना वर्षाला डॉलर-दोन डॉलर. मुंबईच्या जुन्या चाळीतल्या भाडेकरूलाही हेवा वाटावा! फेब्रुवारी १९९१मध्ये मुदत संपली आणि शहर हादरलं. सेनेका म्हणाले, जागा आमची आहे, राहायचं तर नव्या दराने रहा. नवा करार चाळीस वर्षांचा झाला, आणखी चाळीस वाढवता येईल असा. १९९०च्या कायद्याने केंद्र आणि राज्य सरकारने मिळून जुन्या अन्यायापोटी सहा कोटी डॉलर सेनेकांना दिले. नव्या करारावर सही न करणाऱ्या काही कुटुंबांना घरं सोडावी लागली. या खेपेला उठणारे दुसरे होते. त्यांचं दुःखही लहान नसणार.

राहिला तो १७९४चा करार. तो अजून जिवंत आहे बरं का. त्यातल्या एका कलमानुसार सहाही जमातींसाठी दरसाल साडेचार हजार डॉलर खर्च करायचे, आणि त्यातून दरवर्षी कापड दिलं जातं. रक्कम तेव्हाची तीच आहे, त्यामुळे महागाईबरोबर कापड आखडत गेलं. आता येतं ते साधं मलमल. तरी ते कुणी परत पाठवत नाही. कापड घेतलं की करार चालू आहे हे सरकारनेच कबूल केल्यासारखं होतं, असा त्यांचा हिशेब. दरसाल ११ नोव्हेंबरला कॅनन्डेग्वा गावात सेनेका आणि त्यांचे भाईबंद जमतात आणि करार झाला त्या दिवसाच्या आठवणीला मिरवणूक निघते.